चपला बाहेर, फ्लॉपी आत

माझी अब्रू वाचवली ती शेठच्या आईने. सगळं घर तिला बा म्हणायचं, मीही. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मला तिच्याहून फार जास्त कळायचं असंही नाही, पण मला त्याचा पगार मिळायचा.

आठवीत शाळा आणि मी एकमेकांना सोडलं. खानदेशातून सुरतेला आलो, लिंबायतला खोली धरली, दोन वर्षं लूमवर काढली. कागदावर बुट्ट्या बऱ्या काढायचो म्हणून एका साडीवाल्या शेठने मला त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं. नवी डिझाइनं स्कॅन करायची आणि स्क्रीनवर साफ करायची, एवढंच काम. तिकडे आई गावभर सांगत सुटली, "मना पोऱ्या कॉम्प्युटरवर शे!"

कॉम्प्युटर घरी ठेवला होता, कारण दुकानातल्या धुळीने त्याला व्हायरस होईल अशी शेठची खात्री होती. खोलीत शिरताना चपला बाहेर. पाहुण्याने पायही धुवायचे. मॉनिटरवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, दारावर लिंबू-मिरची. इंटरनेटसाठी घरच्याच फोनची वायर त्याला जोडलेली. एवढ्या सोवळ्यातल्या त्या यंत्राच्या तोंडात फ्लॉपी मात्र कुणाचीही चालायची.

त्या दिवाळीला मार्केटमधला एक ओळखीचा माणूस काजूकतलीचा डबा आणि एक फ्लॉपी घेऊन आला. पाय धुऊनच आत आला बिचारा. फ्लॉपी घातली की स्क्रीनभर पणत्या नाचायच्या. घर खूश. शेठ म्हणाला, हे कॉम्प्युटरमध्ये कायमचं टाकून दे. टाकलं मीच.

महिन्याभरात आमचं एक डिझाइन आमच्याआधी दुसऱ्याच्या दुकानात लटकलं. मग दुसरं. तिसऱ्या वेळी शेठने मला हॉलमध्ये उभं केलं. शेठाणी सोफ्यावर, बा झोपाळ्यावर, तिच्या भाषेत हिंचक्यावर.

"फाइल कुणाच्या हातात असते? तुझ्या. मग बाहेर गेली कशी? पाय फुटले तिला?"

"शेठ, आईशप्पथ..."

"आईला मध्ये आणू नको. सामान उचल."

मला कॉम्प्युटर दिसेना, लूम दिसेना. दिसला तो गावातला ओटा आणि तिथे बसून 'सुरतेहून चोर म्हणून हाकललेला' असं म्हणणारी माणसं. तेवढ्यात हिंचका थांबला.

"अल्या, ते तुझं खोकं रोज दुपारी एक वाजता फोनवर कुणाशी किंचाळतं?" बाने शेठला विचारलं. "मी कामरेजला बहिणीला फोन लावायला जाते, तर कानात नुसतं कें कें कें!"

"हाच लावत असेल, बा. इंटरनेट."

"हा कुठून लावणार? एक वाजता हा स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसलेला असतो."

"तुझ्यासमोर? कशाला?"

बाच्या पोटात अल्सर होता. डॉक्टरने तिखट बंद केलं होतं आणि शेठाणी तिला तिन्ही त्रिकाळ दुधी चारायची. दुपारी शेठाणी आडवी झाली की बा माझा डबा उघडायची. भाकरी माझी, ठेचा अर्धा-अर्धा. कुणाला सांगायचं नाही, असा तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. मशीन मी तसंच चालू ठेवून जायचो. एकदा बंद केलं तर परत चालू होईल की नाही, याची धास्ती वाटायची.

"ठेचा खायला," बा म्हणाली. "रोज. त्याच्या डब्यातला."

"बा!" शेठाणी अशी किंचाळली की चोरीचं सगळे विसरलेच. पुढची दहा मिनिटं खटला ठेच्यावर चालला.

मग कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. चपला काढून तो आत बसला आणि तासाभराने बाहेर आला. पणत्यांच्या आड एक दुसराच प्रोग्रॅम बसला होता. रोज दुपारी तो स्वतःच फोन लावायचा आणि नवं जे काही असेल ते बाहेर पोचवायचा. डिझाइनं, शेठची पत्रं, अगदी भाचीच्या स्थळासाठी टाइप केलेली माहितीसुद्धा.

"पण कॉम्प्युटर तर मस्त चालतोय!" शेठ म्हणाला.

"व्हायरस मोडतोड करतो, म्हणून सापडतो. हा हेर आहे, शेठ. कॉम्प्युटर ठणठणीत राहावा असं तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त वाटतं."

त्या दिवसापासून परक्याची फ्लॉपी बंद. काम नसेल तेव्हा फोनची वायर काढलेली. चपला अजून बाहेरच. शेठने मला सॉरी म्हटलं नाही, पण चहा दिला, तोही स्वतःच्या कपातला. शेठाणी मात्र रोज दारातच माझा डबा उघडून बघायला लागली. बा हिंचक्यावरून माझ्याकडे बघायची आणि दुधी गिळायची. माझ्यासाठी तिने काय गमावलं ते मलाच माहीत.

बा आता नव्वदीच्या पुढे आहे. डॉक्टरनेच तिचं पथ्य उठवलंय. एकदा तिला गावी नेणार आहे मी. शेताच्या बांधावर, हिरव्या मिरचीचा, दगडावर रगडलेला ठेचा तिच्या पानात वाढणार आहे. या वेळी पूर्ण वाटा तिचा, आणि शेठाणीच्या समोर.