बड्या दिवसाची पंगत

लोक परदेशी जातात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी परदेशातून माहेरी आले आणि लिहायला बसले, याला कारण माझ्या सासूबाई. त्या स्कॉटलंडच्या. पलूसजवळचं आमचं गाव त्यांच्या दृष्टीने अस्सल परदेश, आणि तिथे त्या आल्या त्याही ऐन नाताळात.

गाडी सातारा स्टेशनात शिरली तेव्हा नुकतं फटफटत होतं. ब्रॉडगेज होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे मिरजेकडचे प्रवासी अजून नव्या गाडीचं कौतुक करत होते. फलाटावर आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतला जुना खाकी कोट आणि डोक्याला पटका अशा थाटात उभे होते. सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. हातात हार होता. पण विहीणबाईंच्या गळ्यात तो घालायचा कसा, या पेचात ते पडले. शेवटी हार माझ्या नवऱ्याच्या, ॲलनच्या गळ्यात गेला आणि सासूबाईंना आबांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. त्यांना तो आवडला असावा, कारण मुंबई सोडल्यापासून त्या प्रथमच हसल्या.

त्यांच्या हसण्याकडे माझं एवढं लक्ष होतं त्याला कारण होतं. सासरे गेल्यापासून त्यांचं सगळ्यांतूनच मन उडालं होतं. नाताळात त्यांच्या घरी तीन पिढ्या जेवायला असायच्या. पहाटेपासून एप्रन बांधून त्या एकट्या सगळं रांधायच्या आणि स्वतः वाढायच्या. सासरे गेले त्या वर्षीच्या नाताळात मात्र त्यांनी पडदे ओढून घेतले, चूल पेटवली नाही, आम्हालाही येऊ नका म्हणून कळवलं. पुन्हा तसा नाताळ त्यांनी काढला तर बाई खचेल, अशी मला नि ॲलनला भीती वाटत होती. म्हणून त्यांना जवळजवळ उचलून आम्ही इकडे आणलं. नणंद कॅनडात, दीर ऑस्ट्रेलियात. माणसं म्हणाल तर आम्हीच. त्यांचा नाताळ माझ्या माहेरी साजरा करायचा हा बेत माझा, आणि तो फसला असता तर खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं होतं.

आबांनी ओळखीतल्या एकाची जीप आणली होती. कंदी पेढ्यांची पुडी माझ्या लेकीच्या, जेनीच्या हातात पडली आणि रहिमतपूर येईपर्यंत निम्मी रिकामी झाली. घरी जाण्याआधी औंधला यमाईचं दर्शन घ्यायचं, हे आबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं; म्हणून तर आम्हाला साताऱ्याला उतरवलं. डोंगराच्या पायऱ्या सासूबाई कुणाचा हात न धरता चढल्या. वर वारा भणाणत होता. खाली शाळवाची (रब्बी ज्वारीची) हिरवी रानं पसरली होती. देवीच्या काळ्या पाषाणमूर्तीपुढे त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

पुसेसावळीच्या पुढे जीपचं चाक बसलं. ड्रायव्हर जॅक शोधतोय तोवर सासूबाईंनी बाह्या सरसावल्या आणि पाना उचलला. लढाईच्या काळात त्यांनी ॲम्ब्युलन्स चालवली होती. चाक बदलणं त्यांच्या हातचा मळ. ड्रायव्हर मात्र घाबराघुबरा झाला.

"आवं बाई, काय करतासा? ठेवा ते! तुमी बसा की हितं सावलीला. बसा, बसा!"

त्यांच्या हातातला पाना त्याने अक्षरशः काढून घेतला, रस्त्याकडेच्या दगडावर घोंगडं अंथरलं आणि त्यांना बसवलं. तेवढ्यात कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी थांबली, गाडीवानाने न मागता चार कांडी काढून दिली आणि तोही म्हणाला, "बसा, बसा." हा सासूबाईंनी शिकलेला पहिला मराठी शब्द.

पुढचे चार दिवस त्यांनी दुसरा कुठला शब्द ऐकलाच नाही, म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे पाहुण्याला, त्यातून विहिणीला, काडी इकडची तिकडे करू देत नाहीत. लिंबाखाली त्यांची खुर्ची मांडलेली असायची. सावली सरकली की कुणीतरी खुर्ची सरकवायचं, आणि त्या सावलीबरोबर अंगणभर फिरायच्या. शेंगा फोडायला घेतल्या, तर आईने सूप काढून घेतलं. केरसुणीला हात लावला, तर शेजारच्या दोघी धावत आल्या. चुलीपाशी गेल्या, तर आई पदराने घाम पुशीत म्हणाली, "आगं सांग त्यास्नी, धूर लय हाय. बसा म्हनावं भाईर." तिखट सोसायचं नाही म्हणून त्यांच्यापुढे रोज दूधभात. त्यातलाही त्या रोज थोडा कमी खायला लागल्या, हे माझ्या लक्षात येत होतं.

गुऱ्हाळावर मात्र मजा आली. काहिलीत (उसाचा रस आटवायच्या लोखंडी कढईत) रस उकळत होता. ॲलनने गरम गूळ खाऊन जीभ भाजून घेतली आणि जेनीने काकवीत पोळी बुडवून फ्रॉकचं पार मातेरं केलं. सासूबाई काहिलीकडे टक लावून बघत होत्या. लांब दांड्याने रस ढवळणाऱ्या गुळव्याकडे बघत त्या मला म्हणाल्या, "आमच्या पुडिंगचं भांडंही असंच ढवळायचं. घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी. ढवळताना मनात काहीतरी मागायचं." मी म्हटलं, "यंदा तुम्ही केलं नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "कुणासाठी करायचं?"

त्या दिवशी परतताना त्यांनी मला स्पष्टच सांगितलं. "तुझी माणसं फार चांगली आहेत. पण मी इथे खुर्चीत ठेवलेलं पार्सल झाले आहे. घरी निदान माझी मी बसत होते, इथे मला बसवतात. नाताळाच्या आधी मला मुंबईला नेऊन सोड. हॉटेलात राहीन." आता मुंबईला गेल्या, तर हॉटेलचे पडदे ओढून बसणार हे मला दिसत होतं.

मी आबांना गाठलं. ते गोठ्यापाशी रेडिओ ऐकत होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी रेडिओ बंद केला.

"बडा दिन हाय म्हन की सरळ!" ते म्हणाले. फौजेत नाताळाला 'बडा दिन' म्हणत. "कुटं जात न्हाईत त्या. आपल्या रेजिमेंटला जसा बडा खाना व्हायचा, तसा हितं करायचा. गावातले सगळे पेन्शनर बोलावतो, गल्ली बोलावतो. तू फकस्त केकचं बग."

केकसाठी मी एसटीने इस्लामपूर गाठलं. बेकरीवाल्याने गुलाबी साखरेच्या फुलांचा केक मोठ्या प्रेमाने बांधून दिला. परतीच्या गाडीत गर्दी होती. मी खोका क्षणभर सीटवर ठेवला आणि त्यावर एक आजी बसल्या. "मऊ लागलं म्हून बसले गं," एवढंच त्या म्हणाल्या. केकचं ते झालं. घरी आले, तर अंगणात एक बोकड बांधलेला, जेनी त्याला पाला भरवतेय, आणि आई कमरेवर हात ठेवून आबांपुढे उभी.

"आवं, कॅलेंडर बगितलं का? बडा दिन गुरवारी येतोय. मार्गेसरातला (मार्गशीर्षातला) गुरवार! माजा उपास, घरात घट मांडायचा, आन् तुमी दारात बोकड आनून बांदलासा?"

लढाई बघितलेला सुभेदार बोकडाचं दावं सोडून पुन्हा बांधायला लागला. पेन्शनरांना तर मटणाचं आमंत्रण गेलेलं. शेवटी तह झाला: बोकडाला जीवदान, पंगत दिवेलागणीला पूजा झाल्यावर, आणि जेवायला खपली गव्हाची खीर, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, भात, आमटी. बोकडाचं नाव जेनीने रॉबी ठेवलं.

गुरुवारी सकाळपासून मागच्या अंगणात खिरीचं मोठं पातेलं चढलं. आईने चौरंगावर घट मांडला. पाच झाडांच्या डहाळ्या, फळं, समयी. जेनी म्हणाली, "आजी, हे नाताळचं झाड आहे?" मी ते भाषांतर करून आईला सांगितल्यावर आईने तिच्या हातात आणखी एक डहाळी दिली. सासूबाई खुर्चीत. बॅग भरून ठेवलेली. नाताळाआधीच्या गाड्यांना जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गाडीची तिकिटं मी नाइलाजाने काढली होती.

पूजा झाली. पंचवीस-तीस माणसं पत्रावळींवर बसली. पेन्शनरांनी छातीवर पदकं लावली होती. आणि आबांनी जे केलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खिरीचा मोठा डाव घेऊन ते खुर्चीपाशी गेले, टाचा जुळवल्या आणि मला म्हणाले, "सांग विहीणबाईस्नी. बड्या खान्याला सायेब वाढत्यात आन् जवान बसून खात्यात, असा फौजेचा रिवाज हाय. आज हितं सायेब त्या. त्यांनीच वाढायचं."

आई धावत आली. "आवं, याड लागलं का काय? विहिणीला पंगत वाढाय लावतासा? लोकं श्यान घालतील की तोंडात!"

एका बाजूला फौजेचा रिवाज, दुसऱ्या बाजूला आमच्याकडचा मान, आणि मध्ये मी. सासूबाईंना हे सांगावं की गिळून टाकावं? त्यांना अपमान वाटला असता तर सगळंच संपलं असतं. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी सांगितलं, आबांचंही आणि आईचंही.

त्या उठल्या आणि सरळ घरात गेल्या. आई आबांवर वळली. "बगा, रुसल्या."

मिनिटभराने त्या बाहेर आल्या. निळ्या रेघांचा नवा कोरा एप्रन बांधलेला. तो त्यांनी एवढ्या लांबून बॅगेत घालून आणला होता, हे ॲलनलाही ठाऊक नव्हतं. आबांच्या हातातला डाव त्यांनी घेतला. पण पंगतीकडे न वळता आधी पातेल्यापाशी गेल्या, खीर एकदा तळापासून ढवळली आणि डाव आईपुढे धरला. आईला काही कळेना. मी म्हटलं, "एकदा ढवळ, आणि मनात काहीतरी माग." आईने डोळे मिटून ढवळलं. मग आबा, ॲलन, जेनी, मी. आणि मग वाढप सुरू झालं.

असं वाढप आमच्या गल्लीने पाहिलं नव्हतं. आग्रह कसा करतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पेन्शनर पत्रावळीवर आडवा हात धरत, "बास, बास, मॅडम!" म्हणत, आणि सासूबाई हाताच्या फटीतून बरोबर खीर ओतत. कुणी उठायला लागला की डाव उगारून दरडावत, "बसा!" अख्खी पंगत पोट धरून हसत होती. एका म्हाताऱ्या हवालदाराने तर आबांना विचारलं, "सुबेदार, ह्या बाई कुठल्या पलटणीच्या रं?"

सगळे उठल्यावर शेवटी दोन पत्रावळी मांडल्या, सासूबाईंची आणि दिवसभर उपाशी असलेल्या आईची. त्यांना आबांनी वाढलं. "जल्मात पैल्यांदा," असं आई मला डोळ्यांनीच म्हणाली. सासूबाईंनी वांग्याची झणझणीत भाजी खाल्ली, नाकाडोळ्यातून पाणी काढलं आणि पुन्हा मागून घेतली. मग खीर खाता खाता म्हणाल्या, "डेव्हिडला ही फार आवडली असती." सासऱ्यांचं नाव सव्वा वर्षात प्रथमच त्यांच्या तोंडून आलं. त्या रडल्या. भाषा न कळणारी माझी आईही रडली, आणि रडत रडतच तिने त्यांच्या पत्रावळीवर आणखी खीर वाढली.

तिकिटं रद्द झाली. आठवड्याने निघालो तेव्हा स्टेशनवर आबांनी पुन्हा सॅल्यूट ठोकला आणि या वेळी सासूबाईंनी तो तसाच परत केला. रॉबीला नेता येणार नाही हे जेनीला पटवेपर्यंत मात्र पुणं आलं.

प्रवासाने काय मिळालं, असं परत आल्यावर लोक विचारतात. मला वाटलं होतं, मी सासूबाईंना काहीतरी मिळवून दिलं. पुढच्या दिवाळीपर्यंत मी तसंच समजत होते.

माझी तिकडची दिवाळी म्हणजे कामावरून आल्यावर खिडकीत एक पणती. सणाला माहेरचं कुणी नाही, आणि त्याबद्दल बोलायची सवयही नाही. त्या संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर पावसात सासूबाई, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. दोन बस बदलून आल्या होत्या. खपली गहू न मिळाल्यामुळे त्यांनी बार्लीची खीर केली होती, आणि ती बुडाला चांगलीच लागलेली होती. त्यांनी कोट काढला, पिशवीतून एप्रन काढून बांधला. मी ताटल्या आणायला वळले, तर मला खांद्याला धरून टेबलापाशी नेलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्या वाढत राहिल्या. मी आडवा हात धरला, बास म्हटलं, रडत रडत पुन्हा बास म्हटलं, तरी त्यांनी डाव थांबवला नाही.