लोडाशिवाय बोरन्हाण

माहेरी आणि सासरी कॉलेज पूर्ण केलेली मीच पहिली, आणि ते मी सांगायला लाजत नाही.

मांजरी गावात सासरी दोन नातवंडांचं बोरन्हाण होतं. जावेचा मुलगा पाटावर बसला, डुलला, आपला आपण सावरला. माझ्या लेकीचे स्नायू जन्मापासून ढिले. वर्षाची होत आली तरी ती बसत नव्हती. सासूबाईंनी तिच्याभोवती लोड रचले.

"अहो आई, ते काढा. टेकून ती नुसती पडून राहते. डुलल्याशिवाय तोल कसा शिकेल?"

"कॉलेजात हे बी शिकवत्यात व्हय? चारचौघींत पोर आपटली म्हंजे?"

"मी मागेच बसलेय."

मी लोड बाजूला सारले. रोजच्या व्यायामात करायचे तसे तिचे तळवे मी पुढे पाटावर टेकवले आणि हात सोडले. ती डावीकडे कलली. बायका ओरडल्या. मी धरलं नाही. तिनं तळवा सरकवला, मान उचलली आणि डुलत डुलत बसून राहिली.

तेव्हा सासूबाई बायकांवर खेकसल्या, "बघत काय बसलाय? टाका की बोरं! पोरगी किती येळ बसंल?"