टेलरमामूंचा नाटकाचा वर्ग

ज्याला आयुष्यात एकाही नाटकात काम मिळालं नाही आणि तरीही जो दिवसभर रंगमंचावरच वावरायचा, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला असेल. ते म्हणजे लातूरच्या आमच्या गल्लीतले टेलरमामू. तरुणपणी नांदेडला एका नाटकमंडळीचे कपडे शिवता शिवता ते विंगेत जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांचं मन मशीनवर काही परत आलं नाही. संध्याकाळी दुकानाच्या माळ्यावर आम्हा पाच पोरांना ते नाटकाचे शब्द शिकवायचे. वहीत मात्र लिहू द्यायचे नाहीत. “शब्द अंगात शिरला पायजे,” म्हणायचे.

त्यांच्या स्वतःच्या अंगात तो जरा जास्तच शिरला होता. ‘एंट्री’ म्हणजे आतून वाक्य आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, म्हणून ते कुणाच्याही घरात एकदम शिरत नसत. दाराआड वाट बघत उभे राहत. आमच्या आईला हे पाठ झालं होतं. फटीतून चपला दिसल्या की ती मोठ्याने म्हणायची, “मामू अजून कसे आले नाहीत बाई,” की मामू आत. ‘पॉज’ शिकवायला घेतल्यापासून “कपडे कधी देता?” या प्रश्नावर ते एवढा पॉज घेत, की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात माप देऊन मोकळं होई. आणि रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे नटाची उजवी, बघणाऱ्याची नव्हे, हे त्यांच्या हाडीमासी इतकं भिनलं होतं की पत्ताही ते तसाच सांगत. निलंग्याहून आलेलं एक अख्खं वऱ्हाड त्यांच्यामुळे मंगल कार्यालयाऐवजी आडत बाजारात पोचलं. नवरदेवाचा बाप तणतणत परत आला, तर मामू शांतपणे म्हणाले, “तुम्ही माझ्याकडं तोंड करून उभे व्हते. आता सांगा, नट कोण, तुम्ही का मी?”

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मामू मशीन टेम्पोत टाकून पत्र्याच्या शेडच्या एका वस्तीवर गेले आणि महिनाभर तिथल्या लोकांचे कपडे शिवत बसले. परत आल्यावर एक दिवस म्हणाले, “तिथली लेकरं हसूनच नाही राहिली. एक नाटक न्यायचं.” आणि म्हशीच्या सोयरिकीचं, आम्ही पाच आणि ते धरून सहा पात्रांचं नाटक त्यांनी स्वतःच रचलं.

तालमी वर्षभर रेंगाळल्या, आणि तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. धर्माबाद-मुदखेडची पोरं आमच्या गल्लीत खोल्या करून राहू लागली, तिथे आमचे आईबाप कसे मागे राहतील? माळ्यावरचं एकेक पोरगं क्लासला गेलं. मामूंनी कुणालाच बोल लावला नाही. पोरगं गेलं की ते नाटक कापून लहान करत, जुन्या पँटची चड्डी करावी तसं. शेवटी दोनच पात्रं उरली, ते आणि मी. “तू हायस तवर नाटक हाय, बेटा,” ते म्हणाले.

प्रयोगाच्या रविवारी सकाळी मी त्यांना न सांगता क्लासला निघून गेलो. खरं सांगायचं तर म्हशीच्या नाटकात काम करायची मला लाज वाटू लागली होती. मामू न्यायला आले तेव्हा आई म्हणाली, त्याची परीक्षा आहे. “मग बरोबर हाय,” म्हणत ते एकटेच एस.टी.त जाऊन बसले.

पुढचं मला त्या वस्तीवरच्या एका गुरुजींकडून कळलं, मामू वारल्यावर. बांबूंना लुगडी बांधून विंगा केल्या होत्या. मामूंनी दोन्ही कामं एकट्याने केली, या विंगेतून त्या विंगेत धापा टाकत पळत. लेकरं पोट धरून हसली. नाटक संपल्यावर त्यांनी हात जोडले. “माझा दुसरा नट लातूरला हाय. त्याची आज लई मोठी परीक्षा हाय. त्याच्यासाठी दुवा मागा.” आणि ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी ढिगाऱ्याखाली गेलं होतं, ती सगळी माणसं माझ्यासाठी डोळे मिटून उभी राहिली.

मामूंनी यातलं मला काही सांगितलं नाही. फक्त पेपर कसा गेला ते विचारलं होतं. चांगला गेला, असं मी म्हणालो. ती परीक्षा नव्हतीच. क्लासची सराव चाचणी होती. दर रविवारी व्हायची.