बैलाच्या पाठीवर हात

निकालवहीतले अक्षर माझे आहे. निकाल बाबाजी गवसांचा. गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या पानावर मी लिहिले आहे: 'शपथ घेण्यास तीन वेळा सांगूनही गाडीवानाने नकार दिला. सबब निष्काळजीपणा शाबीत.' त्यातला 'सबब' बाबाजींनी सांगितला नव्हता. तो माझा. एम.ए.ला जुने कागद वाचून लागलेली सवय.

बाबाजी गोव्यातल्या इब्रामपूरचे. वय चौसष्ट. मी सव्वीसचा. तरी लोक आम्हाला मित्र म्हणतात, आणि ते बरोबर आहे. त्यांचा हात लिहिताना कापतो. त्यांना लिहिणारा हवा होता आणि मला नोकरी लागेपर्यंत कुठेतरी जायला हवे होते.

आमच्या बाजूला बैलगाड्या पळत नाहीत. सरहद्द ओलांडली की पळतात. दोडामार्गाकडच्या एका गावात, भात कापून झालेल्या मळ्यात, दर जानेवारीत. परवानगी काढून, जनावरांचा डॉक्टर उभा करून, चाबकाशिवाय. एका वेळी दोन गाड्या, मध्ये चुन्याची रेघ. रेघ ओलांडून दुसऱ्याच्या वाटेत गेलेल्या गाडीवानाला पंचापुढे उभे राहावे लागते. बैल बुजला असेल तर दोष नाही. लक्ष नव्हते, कासरा ढिला सोडला, असे ठरले तर तो निष्काळजीपणा. तीन हंगाम बंदी, आणि भोंग्यावरून नाव जाहीर.

मधली कोर्टाच्या बंदीची वर्षे सोडून बाबाजी अठरा वर्षे पंच होते. निकाल देण्याआधी ते जमीन बघत. तोवर मळ्यात कोणी पाय ठेवायचा नाही. चपला काढून, वाकून, ते चाकोरीच्या कडेने चालत. मला दाखवत. "बैल बुजलो तर आदी खूर रुतता, मगे चाक फिरता. कासरो सुटलो तर चाक कसा, निजेत कूस बदलल्यासारख्या सरकता." मग गाडीवानाचे तळहात बघत. कासऱ्याचा वळ कुठे उठला आहे ते. तरीही कळले नाही तर शेवटी शपथ. बैलाच्या पाठीवर हात ठेवून काय झाले ते सांगायचे. पण बैल आपला हवा. दुसऱ्याच्या बैलावर हात ठेवून बोलले, तर त्या बोलण्याचे जे काही होईल ते त्याच्या गोठ्यावर जाते. हे बाबाजी प्रत्येक नव्या गाडीवानाला पहिल्या दिवशी सांगत.

ही जमीन बघण्याची खोड त्यांना डिचोलीत लागली. खाणी चालू होत्या तेव्हा ते खनिजाचा टिपर चालवत. एका वळणावर त्यांच्या टिपरखाली एक स्कूटर आली. माणूस वाचला, पाय गेला. बाबाजी रस्त्यावरचे ब्रेकचे काळे पट्टे दाखवत होते. हवालदाराने पंचनामा जीपमध्ये बसूनच लिहिला. तोवर मागचे चाळीस टिपर त्या पट्ट्यांवरून गेले. बाबाजींचे लायसन्स वर्षभर गेले. "तो खाली उतरलो असतो तर माका सजा झाली तरी चलली असती," ते म्हणत. "उतरूक व्हयो होतो."

साईश परब आमच्याच गावचा. त्याला गाडी हाकायला बाबाजींनीच शिकवले. तो चौदा वर्षांचा होता तेव्हा. पुढे त्याने रिक्षा घेतली आणि शाळेच्या पोरांना नेऊ-आणू लागला. जानेवारीत मात्र गाडीवर उभा.

त्या दिवशी साईशच्या शेजारच्या वाटेत देवेश होता. पलीकडच्या गावात त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. दोघे निम्म्यावर आले आणि साईशची गाडी उजवीकडे सरकली. रेघ गेली. चाकाला चाक लागले. देवेशची गाडी उलटली आणि तो खाली सापडला. माणूस अडकला म्हटल्यावर लोक धावणारच. दोनशे जण मळ्यात शिरले. बाबाजी हात वर करून उभे होते, पण ओरडले नाहीत. कसे ओरडणार? देवेशला बाहेर काढले तेव्हा त्याचे उजवे मनगट मोडले होते, आणि जमिनीवर फक्त पावले होती.

बाबाजींनी साईशचे तळहात बघितले. दोन्ही हातांवर वळ. त्यातून काही कळत नव्हते.

मग शपथ. देवेशने डावा हात आपल्या बैलाच्या पाठीवर ठेवला आणि सांगितले की साईश मागे बघत होता. तो खोटे बोलला असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. त्याला तसे दिसले असेल.

"साईश, हात ठेव रे," बाबाजी म्हणाले.

"नाय, बाबाजीकाका."

"कित्याक?"

साईश बैलाच्या वशिंडाकडे बघत राहिला.

मागून कोणीतरी ओरडले, "हाताक फणसाचो चीक लागलो काय रे?" लोक हसले.

"ठेव आणि काय झाला ता सांग. बुजलो तर बुजलो म्हण. संपला."

"ठेवचंय नाय."

बाबाजींनी तिसऱ्यांदा विचारले. या वेळी हळू, जवळजवळ विनवणी केल्यासारखे. साईशने नुसती मान हलवली. भोंगा चालू होता. पुढच्या गाड्या जुंपून उभ्या होत्या. बाबाजी माझ्याकडे वळले. "लिव," म्हणाले.

मी लिहिले.

भोंग्यावरून नाव सरहद्दीच्या अलीकडेही पोचते. आठवड्यात साईशच्या रिक्षातली पोरे कमी झाली. "बैल सांबाळूक येत नाय, तेच्या रिक्षेत माज्या चेडवाक कशी घालू?" असे एक बाई पाव-उंडे घेता घेता पाववाल्या पोदेराला सांगत होती. मी मागेच उभा होतो. एप्रिलमध्ये रिक्षा रिकामी झाली. जूनमध्ये विकली. साईश मोप्याला विमानतळावर लागला, ट्रॉल्या गोळा करायच्या कामावर.

ऑगस्टमध्ये आमच्या गावात लाळ-खुरकताच्या लशीचे शिबिर झाले. बाबाजी जनावरे धरायला गेले होते, मी नोंदी करायला. परबांचे बैल आले. जनावरांच्या डॉक्टर तनया आल्या होत्या. त्यांनी कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर फोनवर टाकला आणि विचारले, "मालक सगुण परब ना?"

"साईश," बाबाजी म्हणाले. "सगुण तेचो मोठो भाव."

"इथे सगुण आहे. आधी वडिलांचे नाव होते. गेल्या ऑक्टोबरात बदललेय."

बाबाजींनी बैलाची वेसण सोडली नाही. पण त्यांचा चेहरा मी बघितला. शर्यतीत नाव घराच्या नावाने लागते, 'परबांचे बैल' म्हणून. कोणाचे बैल, हे बाबाजींनी विचारले नव्हते. अठरा वर्षांत कधी विचारावे लागले नव्हते.

संध्याकाळी ते सगुणच्या गोठ्यात गेले. मी बरोबर होतो. सगुणने आधी तोंडावर बोट ठेवले. "हळू. आये जनेलाकडे निजली हा."

पद्मावतीबाई, दोघांची आई, दोन वर्षे त्या खिडकीशी अंथरुणावर होती.

"दसऱ्याक वाटणी झाली," सगुण म्हणाला. "बैल माका, माडांचा भाट तेका. आयेक सांगूक नाय. ती म्हणता, माजो जीव आसा तवसर चूल एकच. तशीच दाखवतंव. चुली दोन, पण तिच्या खोलयेत ताट एकच जाता."

"मगे माका तरी तेना कित्याक सांगूक नाय? कानात सांगूचा."

"कानात सांगून तुमी सोडल्यात असतात, काका? कारण सगळ्यांक सांगूचा लागता, तुमीच म्हणतास. भोंग्यार बोलला असता तर सांजेक धा जणां आयेची खबर घेऊक येऊन बसली असती."

"आणि हात नुसतो ठेवलो असतो तर?"

सगुण हसला. ते हसणे बरे नव्हते. "माज्या बैलार? तुमीच शिकवलास तेका, ठेवूचो नाय म्हणान."

घरी येऊन बाबाजी सोप्यावरच्या बाकावर बसले. त्यांच्या बायकोने, विमलाकाकूंनी, चहा आणून ठेवला. तो निवला. त्यांनी दुसरा आणला.

"चुकला तर सांगून टाका," काकू म्हणाल्या. "लोकांक काय सांगतास तुमी? चुकला तर सांगूचा."

"चुकला ता सांगतलंय," बाबाजी म्हणाले. "कित्या चुकला ता सांगूक येणा नाय."

एवढेच होते सगळे. साईशचे नाव धुवायचे तर त्याने ज्यासाठी तोंड मिटले तेच उघडावे लागणार. आणि साईश दोषी नव्हता असे तरी बाबाजींना कुठे ठाऊक होते? त्यांना एवढेच ठाऊक होते की जिथे काही दिसत नव्हते तिथे त्यांनी दिसल्याचे सांगितले. जीपमध्ये बसून पंचनामा लिहिला.

डिसेंबरात शर्यत कमिटीची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. देवेश आता कमिटीचा प्रमुख होता. मनगट बरे झाले होते. बाबाजी उभे राहिले.

"माजो निकाल चुकलो. साईशचा नाव काडा. भोंग्यार घातला तसा भोंग्यारच काडा."

"कारण?" देवेशने विचारले. आवाज चांगला होता, आदराचा.

"कारण सांगूचंय नाय."

"काका, अठरा वर्सां तुमी लोकांक कारण विचारल्यात. आमी दिलव. आता तुमची पाळी."

मागच्या रांगेतून कोणी विचारले, "कितक्याक पटला, बाबाजी?"

हशा झाला. मोठा नाही. ज्या माणसाने शर्यतीच्या दिवशी कोणाच्या कपातला चहा घेतला नाही, घरून बाटलीत पाणी नेले, त्याला विचारलेला प्रश्न. मी वही उघडून उठलो. मला सगळे सांगायचे होते. बाबाजींनी माझा दंड धरला. "वयी बंद कर," म्हणाले. "आणि बस."

मी बसलो. ते मी नीट केले की नाही, मला अजून कळत नाही.

जानेवारीत मळ्याच्या दोन टोकांना खांबांवर कॅमेरे लागले. पंच तिघे झाले. त्यांत बाबाजी नव्हते. त्यांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ आणि 'निःपक्षपाती पंच' असे सोनेरी अक्षरांत लिहिलेली पाटी. बाबाजींनी ती घेतली. नको म्हणायचे तर परत कारण द्यावे लागले असते. भोंग्यावरून त्यांचे नाव पुकारले तेव्हा टाळ्या चांगल्या वाजल्या. घरी विमलाकाकूंनी तो नारळ फोडला. चांगला निघाला. बाबाजींनी तुकडा तोंडात घातला नाही.

शिगम्यानंतर पद्मावतीबाई गेली. बाराव्याच्या दिवशी दोघा भावांनी वाटणीचे सांगून टाकले. कोणाला आश्चर्य वाटले नाही. शेजारी म्हणाले, घरात दोन सिलिंडर येतात ते आम्हाला दिसत नाही का? सगुण आम्हाला पोचवायला मांडवाबाहेर आला. म्हणाला, "मराच्या आदल्या दिसा आये म्हणाली, रे, सकाळी दोन कुकर शिटी मारतत. माका आयकाक येणा नाय असा वाटला तुमकां?"

बाबाजी चालता चालता थांबले. चप्पल नीट घातली आणि पुढे निघाले.

देवेशला त्यांनी फोन केला. आता कारण सांगता येत होते. ते त्यांनी सांगितले. देवेशने सगळे ऐकून घेतले. "आता काय त्याचा, काका?" म्हणाला. "तो गाडी हाकणा नाय. बैलय सगुणान विकले. खयचा नाव आणि खय काडू?"

एप्रिलमध्ये आम्ही माझ्या स्कूटरवरून मोप्याला गेलो. साईश गाड्यांच्या तळाकडून येत होता. पुढे वीसेक ट्रॉल्यांची रांग, एकीत एक घुसवलेली. रांग वळणावरही सरळ होती. बाबाजींनी ते बघितले. मीही बघितले.

"बाबाजीकाका! खयच्या विमानान चललास?"

"तुका भेटूक इलंय."

त्याने रांग भिंतीला लावली. बाबाजींनी काहीही न वळवता सांगितले. बैल, बिल्ला, बैठक, फोन. "माजो निकाल चुकलो," म्हणाले. "माफ कर म्हणणंय नाय. तुका कळूचा म्हणान इलंय."

साईशने टोपी काढून घाम पुसला. "चुकूक नाय काय, काका. मी मागे बघी होतंय. कासरो ढिलो झालो. चूक माजीच. तुमी कित्याक जीवाक लावन घेतास?"

"खरा सांगतस?"

"खराच."

बाबाजींनी त्याचा हात धरला आणि उलटा केला. तळव्याच्या मधोमध आडवा घट्टा होता, ट्रॉलीच्या दांड्याचा. कासऱ्याचे काही उरले नव्हते. ते बराच वेळ बघत राहिले.

"माका बरा वाटूचा म्हणान सांगतस," ते म्हणाले.

"शपथ घेव?" साईशने हसून समोरच्या ट्रॉलीवर हात ठेवला. मग लगेच काढून घेतला. "ह्योय माज्यो नाय, काका."

तेवढ्यात सुरक्षारक्षक आला. "चाचा, यहाँ खड़े मत रहिए." साईशने टोपी घातली, रांगेला खांदा लावला आणि आत गेला. काचेचा दरवाजा आपोआप उघडला आणि मिटला.

बाबाजी तिथेच उभे. मान खाली. मला वाटले रडताहेत. तसे नव्हते. सवयीने ते ट्रॉल्या गेल्या ती वाट बघत होते. नुकतीच पुसलेली फरशी होती. तिच्यावर चाकांची एक खूण नव्हती.