पत्रावळींचं पार्सल

मित्रहो, दुपारपासून मन कशातच लागत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

उद्या हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध. पंगतीला प्लास्टिकची ताटं नकोत, म्हणून नातीने फोनमध्ये पर्यावरणाचं एक ॲप टाकून दिलं. त्यावरून मी पळसाच्या पत्रावळी मागवल्या. वाटलं, वर्गात मुलांना शिकवलेल्या कवितांमधला पळस आपल्या अंगणात येतोय!

आज पार्सल आलं, प्लास्टिकच्या तीन थरांत गुंडाळलेलं. मी ते सोडवत होतो, तेवढ्यात जंगलाकडच्या लामता गावची सुकवंता दारात उभी. डोक्यावर पत्रावळींचा भारा. आमच्या घरचं प्रत्येक कार्य तिने टाचलेल्या पत्रावळींवरच झालं.

"मास्तरजी, बाईच्या कार्याले मी नाही तं कोन आनन?" म्हणता म्हणता तिची नजर पार्सलवर गेली. त्यातली एक उचलून तिने नखाने टोकरून पाहिली.

"पान तं आपल्याच जंगलचं दिसते. मले काहून नाही सांगतलं जी?"

"तुझ्याकडे फोन कुठे आहे?" मी बोलून गेलो.

"बाईपाशी तरी कुठी होता?" ती म्हणाली आणि भारा घेऊन निघाली.

चपला शोधून रस्त्यावर पोचलो, तोवर लामत्याची बस सुटली होती. खिशात फोन वाजला, ॲपचा मेसेज: अभिनंदन, आज तुम्ही निसर्ग वाचवलात!

तिच्या गावात निरोप धाडायला माझ्याकडे कुणाचा नंबरही नाही. उद्या हिच्या नावाचं पहिलं पान मी कशावर वाढू, सांगाल?