आधी कोणाला सांगितलं

तिला सगळे कवळीताई म्हणायचे. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि ती घरामागच्या खोलीत बसून त्यांवरून कवळ्या बनवायची. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. सहा दिवस रस्त्यावर, एक दिवस घरी. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, मुलगी शिकायला बाहेर.

घरी आला की बूट काढता काढता तो विचारायचा, "हं, काय विशेष?" मग तिची टकळी सुरू व्हायची. कुणी आजोबा शिट्टी वाजवायला गेले आणि कवळीच उडून सुनेच्या मांडीवर पडली, असलं काहीबाही. तो पोट धरधरून हसायचा.

साच्यांचं प्लास्टर पुरवणारा एक विधुर गृहस्थ दर बुधवारी यायचा. आधी पोतं ठेवून जायचा, मग पाणी प्यायला टेकू लागला, मग तास तास बसू लागला.

"हा दात वाकडा का बसवलात?" त्यानं एकदा विचारलं.

"बाईंचा मूळचा तसाच होता. सरळ बसवला तर नवरा ओळखायचा नाही."

तो मनापासून हसला. तिच्या कामाबद्दल असं नवऱ्यानं कधी विचारलं नव्हतं. वावगं काही घडलं नाही. फक्त ती मंगळवारी न चुकता केस धुवायला लागली.

एका गुरुवारी नवरा घरी आला. "हं, काय विशेष?"

तिनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, सांगण्यासारखं होतं ते सगळं कालच प्लास्टरवाल्याला सांगून झालंय. तिनं आधी त्याला जेवायला वाढलं. मग तिनं सगळं सांगितलं, केसांचंसुद्धा.

"आवडतो तुला तो?"

"तो ऐकतो, ते आवडतं."

नवऱ्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी न बोलताच बसवर गेला. फोनही केला नाही.

बुधवारी तिनं प्लास्टरवाल्याला दारातच सांगितलं, "पोतं बाहेर ठेवत जा. तुमचं काही चुकलं नाही, मलाच सावरायला हवं." तो समजूतदार होता, मान हलवून गेला. ती आत येऊन रडली. ते रडणं थोडं त्याच्यासाठीही होतं, हेही तिनं पुढे नवऱ्यापासून लपवलं नाही.

पुढच्या सुट्टीला नवरा प्रथमच कामाच्या खोलीत आला.

"या स्टुलावर बसायचा?"

"हो."

तो त्याच स्टुलावर बसला. बराच वेळ तिचे हात बघत राहिला. मग म्हणाला, "थांब्यावर चहा देणारी एक बाई आहे. तिला मी तुझे किस्से ऐकवायचो. माझे म्हणून."

"ते शिट्टीवाले आजोबासुद्धा?"

"तेसुद्धा."

रागवावं की हसावं, तिला कळेना. शेवटी दोघंही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. "आता मला शिकव," तो म्हणाला, "दात कसे बसवतात?"

सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. कित्येक गुरुवारी घरी येताना त्याचा चेहरा पडलेला असायचा, आणि ती विचारायची, "काय सलतंय?" तोही सांगायचा. हळूहळू विचारायची गरज कमी झाली.

आता तो निवृत्त झालाय. तयार कवळ्या डॉक्टरांकडे तोच पोचवतो. तो परत येईपर्यंत ती जेवायची थांबते, आणि बोलण्याच्या नादात भाजी बहुतेक वेळा गार होते.