बिनविरोधचा गुलाल

गल्लीतून गुलालाचा वास आला आणि माझ्या कपाळावर आठी पडली. ग्रामपंचायत पुन्हा बिनविरोध!

मी कॉलेजात होते तेव्हाही उमापूरच्या पारावर हाच वास होता. सरपंच नुकताच बिनविरोध ठरला होता, आणि त्याच संध्याकाळी शहरातून आलेले एक प्राध्यापक गावाला सांगत होते, "देश म्हणजे माणसानंच आखलेली रेघ. उद्या सगळ्या जगाची एकच संसद व्हावी. तिथं उमापूरच्या बाईचं आणि अमेरिकेतल्या शेठचं मत सारखंच मोजलं जाईल."

माझ्या अंगावर काटा आला. मी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग आमचे पुढारी आण्णा उठले. दर पंधरा ऑगस्टला देशाच्या नावानं घसा फोडणारे आण्णा म्हणाले, "बरुबर बोललात सर! आमच्यात मतदान होतच न्हाई, पारावर बसून ठरतं. जगाचंबी तसंच करा. भांडणच न्हाई!"

प्राध्यापक भारावले. "हीच खरी एकी!"

पुन्हा टाळ्या, माझ्याही. आईनं माझा हात धरला. "कावून वाजवायलीस? एवढ्याशा गावात मला कुणी इचारलं न्हाई. तेवढ्या मोठ्या जगात कोण इचारील?"

पुढं काही वर्षांनी आई वारली. तिच्या बोटाला लोकसभेच्या मतदानाची शाई लागली, गावच्या मतदानाची कधीच नाही.

आता मिरवणूक दारात आलीय. नवा सरपंच म्हणजे आण्णांचा मुलगा. गुलालाची मूठ पुढं करत तो हसतो, "काकू, आपण सगळे एकच की!"

"हो का? मग मतपेटी कुठं ठेवली होती रं?"